‘हॅलोविन’ मालिकेला आणखी उत्तरभाग हवेत का?

एकामागून एक पात्रांना, बहुधा तरुणांना, सुऱ्यासारख्या शस्त्राने ठार करणारा मारेकरी ज्याच्या केंद्रस्थानी असतो, त्या भयपटाला स्लॅशर म्हणतात; जॉन कार्पेंटर यांच्या 1978 च्या ‘हॅलोविन’मुळे हा प्रकार अमेरिकेत रुजला आणि 2022 पर्यंत या मालिकेत 13 चित्रपट आले. मूळ चित्रपटाची दहशत रक्तपातात नव्हती, तर मारेकरी मायकेल मायर्सच्या कोऱ्या चेहऱ्यात होती: ‘स्टार ट्रेक’मधील कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा स्वस्त मुखवटा पांढरा रंगवून, त्याच्या डोळ्यांची भोके मोठी करून तो घडवला गेला आणि त्यावर कोणताच भाव नसल्याने मारेकऱ्याच्या हेतूचा थांग लागत नसे. 1981 च्या दुसऱ्या भागाने नायिका लॉरी ही त्याची बहीण असल्याचे सांगून या गूढाला कारण चिकटवले, आणि मालिकेची घसरण तेथूनच सुरू झाली. 1982 च्या तिसऱ्या भागाने मायकेलला वगळून स्वतंत्र कथा मांडली, परंतु प्रेक्षकांनी ती नाकारल्याने 1988 मध्ये तो परतला. 2018 च्या चित्रपटाने मात्र पहिला वगळता सर्व भाग बाजूला सारून उतारवयातील लॉरीच्या मनावरचा आघात केंद्रस्थानी आणला, आणि सांगण्याजोगे काही असेल तर उत्तरभागही सकस होऊ शकतो हे दाखवले. 2022 च्या ‘हॅलोविन एंड्स’मध्ये मायकेलचा देह भंगाराच्या यंत्रात नष्ट होत असल्याने त्याला पुन्हा उठवणे अप्रामाणिकच ठरेल, तिसऱ्या भागाने अर्धवट सोडलेली स्वतंत्र कथांची वाट मात्र अजून मोकळी आहे.