चौबगला

गाडीत वरच्या फळीवर बॅग ठेवायला हात उंचावला आणि कुर्ता उजव्या बगलेत टर्रकन उसवला. ठाण्यात माप देऊन शिवलेला, दुसऱ्यांदाच अंगात घातलेला. लखनौला उतरलो आणि चहा घेऊन थेट अमीनाबादच्या एका बोळात, जिन्याखालच्या शिंप्याच्या दुकानात शिरलो. मास्टरजींनी कुर्ता उलटा केला, फाटक्या जागेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "इसमें चौबगला कहाँ है?"

चौबगला म्हणजे बगलेत बसवायचा चार बोटांचा चौकोनी तुकडा. बाही आणि अंग जिथे भेटतात तिथे तो तिरका बसतो. हात खाली असला की घडी होऊन लपतो, वर गेला की पतंगासारखा उघडतो. उरेब कापड ताण सोसतं हे घरी झबली शिवणाऱ्या कुठल्याही आजीला ठाऊक असतं. माझ्या शिंप्याने तो तुकडा वाचवला होता आणि शर्टाची बाही कुर्त्याला लावून दिली होती.

मास्टरजी कापत असताना शेजारच्या स्टुलावर बसून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की जुना कळीदार कुर्ता ही सगळी भूमिती आहे. पुढचं-मागचं अंग म्हणजे सरळ पाट, बाही जवळपास आयत, दोन्ही बाजूंना त्रिकोणी कळ्या आणि बगलेत चौकोन. वक्र रेघ जवळजवळ फक्त गळ्याला. एक कळी सुलटी, दुसरी उलटी आखली की दोन्ही एकाच पट्टीतून निघतात आणि चिंधी उरत नाही. हातमागाच्या कापडाची किंमत कळलेल्या माणसांनी काढलेला हा बेत आहे. मराठीत कापड बेततात आणि लग्नाचाही बेत करतात, ते उगाच नाही.

विलायती कापणीची रीत याच्या उलट. तिथे शरीराला सरळ रेघ नाही असं धरूनच सुरुवात होते. बाहीचा घेर वळणदार, कमरेला चिमटे, छातीत घोड्याच्या केसांचं अस्तर. ते शेकडो बारीक टाक्यांनी कापडाला धरून ठेवायचं आणि वाफेच्या इस्त्रीने त्याला छातीची गोलाई द्यायची. या कलेची पंढरी म्हणजे लंडनची सॅव्हिल रो. तिथल्या एका सुटाला किमान 50 तासांचं हातकाम लागतं. 'बिस्पोक' या शब्दाची गोष्टही तिथे अशी सांगतात: गिऱ्हाईक ठाणातलं कापड 'बोलून ठेवायचं', मग ते दुसऱ्याला मिळायचं नाही. हेन्री पूल ही पेढी 1806 सालची आणि 1846 मध्ये त्या गल्लीत आलेली, हन्ट्समन 1849 ची. पेढीचा मालक पूल याने राजेराजवाड्यांना एवढी उधारी दिली की 1876 मध्ये तो गेला तेव्हा नाव मोठं आणि तिजोरी हलकी अशी गत होती. गिऱ्हाइकाकडे पैसे मागणं अशिष्ट मानणारा शिंपी! आपल्याकडे असा एकही निपजला नाही, हे बरंच.

पण त्या पेढ्यांनी एक गोष्ट चोख केली. वह्या ठेवल्या. कुणाचा खांदा किती उतरता, कुणाचं पोट कोणत्या साली किती वाढलं, सगळं लिहिलेलं. गिऱ्हाइकाचे कागदी नमुने मरेपर्यंत खुंटीला टांगलेले. आज जो वारसा म्हणून मिरवला जातो त्यात कापडाइतकाच वाटा या कागदाचा आहे.

अमीनाबादचा वारसा कागदावर नाही. बाजाराचं नाव अवधचा नवाब अमजद अली शाह याचा वजीर इमदाद हुसेन खान याच्या अमीन-उद-दौला या किताबावरून पडलं, म्हणजे 1840 च्या दशकातली गोष्ट. त्या काळच्या दर्जींची नावं पाटीवर चढली नाहीत, त्यांनी बेतलेल्या कपड्यांची मात्र वंशावळ सांगता येते. ती अब्दुल हलीम शरर या लेखकाने 'गुजिश्ता लखनौ'मध्ये मांडली. दिल्लीचा जामा, त्यातून बालाबर, मग अंगरखा, लखनौत चपकन, पुढे अचकन आणि हैदराबादेत शेरवानी. बंद गेले, गुंड्या आल्या. बाहीचा घेर कमी होत कोटाच्या बाहीजवळ आला. बाराबंदीचे बंद सोडून कोटाकडे वळलेल्या आपल्या पणजोबांनी हेच केलं, फक्त इतक्या पायऱ्या घेतल्या नाहीत. शेरवानीला आज आपण अस्सल देशी म्हणतो. तिच्या कळ्या आणि घेर इथले, पण खांदा नि बाही पाहा, तिथे इंग्रजी कात्री फिरली आहे. मला त्यात कमीपणा दिसत नाही. ज्या शिंप्याने समोरच्या साहेबाच्या कोटाची बाही चोरून पाहिली आणि ती अंगरख्याला बसवली, तो कॉपी करणारा नव्हता, कारण बाकीचा अंगरखा त्याने मोडू दिला नाही.

अमीनाबादजवळ नजीराबादच्या रस्त्यावर चिकन भरतकामाची दुकानं ओळीने आहेत. गिऱ्हाईक कुर्ता उजेडात धरून मुर्री, फंदा, जाळी हे टाके पाहतं; 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही या भरतकामालाच. पण जुन्या रीतीत पहिला हात शिंप्याचा. आधी कपडा बेतायचा, जोडायचा, मग त्यावर कच्च्या निळीचे ठसे, मग भरतकाम, शेवटी धुलाईत निळीचं नामोनिशाण जायचं. मास्टरजींनी गाठोड्यातून एक जुना मलमलीचा कुर्ता काढून दाखवला. खांद्याची शिवण बोटाला लागत नव्हती. जोडावरच्या पट्टीची कड कात्रीने चिरत जायची, प्रत्येक चीर सुईच्या टोकाने आत दुमडायची आणि नजरेला न दिसणाऱ्या टाक्याने बसवायची. याला दराज म्हणतात. या कुर्त्याच्या खांद्यावर माशांची रांग होती. मासा हे अवधचं राजचिन्ह, पण इथला एकेक मासा तांदळाएवढा. भरतकाम बघणाऱ्याला ती नुसती शिवण वाटेल.

1856 मध्ये इंग्रजांनी अवधचा नवाब वाजिद अली शाह याला गादीवरून उतरवलं. तो कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला गेला. त्याच्यामागे लखनौचे स्वयंपाकी, गवई, पतंगवाले गेले तसे शिंपीही गेले, असं तिथले लोक सांगतात. आज मटियाबुर्ज हा तयार कपड्यांचा अवाढव्य बाजार आहे आणि तिथल्या मुख्य कारागिराला अजून 'ओस्तागर' म्हणतात. मुंबईत उलटा न्याय झाला: साहेबलोकांना कपडे पुरवणाऱ्या व्हाइटवे लेडलॉच्या इमारतीत पुढे खादी भांडार आलं.

माझ्या कुर्त्याला चौबगला हवा तर तो त्याच कापडाचा हवा. "कतरन लाए हैं?" मास्टरजींनी विचारलं. कतरण कुठली? ती ठाण्यात झाडली गेली असणार. त्यांनी कुर्ता दोनदा उलटसुलट केला, डाव्या खिशाची पिशवी टाका टाका करत उसवली, तिचे दोन चौकोन केले आणि दोन्ही बगलांत बसवले. मोकळ्या राहिलेल्या खिशाच्या तोंडाला शिवण मारून दिली. पैसे द्यायला मी डावा हात खाली नेला तो त्या बंद तोंडावरच घासला. मास्टरजी कोळशाच्या इस्त्रीवर फुंकर मारत होते. त्यांनी मानेनेच उजवीकडे खूण केली.