चामडं झिजतं कुठे, कुजतं कुठे

चामड्याच्या जॅकेटवर वयाची पहिली खूण बहुधा कोपरावर उमटते. तिथला रंग फिका पडतो, बाहीच्या घडीत बारीक सुरकुत्या येतात, खिशाच्या तोंडाची कड गुळगुळीत होते आणि जॅकेटचा मालक धास्तावतो. महागाची वस्तू खराब व्हायला लागली असं वाटून तो तिचा वापर कमी करतो. थंडीतल्या एखाद्या प्रवासाला काढू म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात टांगून ठेवतो. नेमकी इथेच चूक होते, असं माझं म्हणणं आहे. चामडं घालून घालून जितकं झिजतं, त्याहून कितीतरी अधिक ते न घालता पडून राहिल्यानं बिघडतं, आणि आपल्या किनारपट्टीच्या हवेत तर हे जास्तच खरं आहे. डोळ्यांना दिसणारी झीज बहुतांशी वरवरची असते. घातक हानी होते ती कपाटाच्या अंधारात, अस्तराच्या आत आणि कॉलरच्या मागे.

हे पटायला चामड्याची घडण पाहावी लागते. जनावराचं कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं दाट, गुंतलेलं जाळं. कच्चं कातडं ओलं राहिलं तर सडतं आणि वाळलं तर ताठ होतं. कमावताना क्रोमियमचे क्षार किंवा झाडांच्या सालींमधली टॅनिनं या तंतूंना आतून बांधतात, आणि मग सडण्याची भीती पुष्कळ कमी होते. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमनं कमावलेलं असतं. जॅकेटचं तर जवळजवळ सगळंच. कमावणीनंतर तंतूंमध्ये तेल मुरवतात. त्यामुळे ते एकमेकांवरून सहज सरकतात आणि चामडं अंगावर नीट बसतं. सगळ्यात शेवटी रंगाचा आणि रेझिनचा लेप चढतो. तो साधारणपणे कागदाहून पातळ असतो. त्याखालचं मेंढीचं किंवा बकरीचं चामडं पाऊण मिलिमीटरच्या आसपास भरतं, आणि मोटारसायकलस्वारांच्या जॅकेटमध्ये ते मिलिमीटरभराहून जाड असतं. कोपरावर फिका पडतो तो हा लेप. खालचं तंतूंचं जाळं शाबूत असतं, इतकंच नव्हे तर हालचालीनं ते अधिक मोकळं झालेलं असतं. चामडं मऊ करायला कारखान्यातही हेच करतात: मोठ्या फिरत्या पिंपात ते तासन्तास घोळवतात. अंगावर घातलेलं जॅकेट रोज थोडं थोडं हेच काम करून घेत असतं.

जुन्या जॅकेटांची अवस्था याला दुजोरा देते. अमेरिकी सैन्याच्या हवाई दलानं १९३१ मध्ये वैमानिकांसाठी ए-२ हे जॅकेट स्वीकारलं. ते बरंचसं घोड्याच्या चामड्याचं असे. दुसऱ्या महायुद्धातून वाचलेली ही जॅकेटं आजही संग्राहकांकडे आहेत. त्यांच्यात आधी गेलेलं दिसतं ते मनगटाचं आणि कमरेचं लोकरी विणकाम, मग अस्तर, मग चेन. चामडं त्या सगळ्यांना पुरून उरलेलं असतं. न्यूयॉर्कच्या अर्विंग शॉटनं १९२८ मध्ये मोटारसायकलस्वारांसाठी तिरक्या चेनचं ‘परफेक्टो’ जॅकेट काढलं, त्या घाटाची जुनी जॅकेटंही अशीच टिकून आहेत. त्या काळच्या काही काळ्या चामड्यांत काळा रंग फक्त वरच्या थराला असे आणि आतला गाभा तपकिरी राही. वर्षानुवर्षांच्या वापरानं कोपर, खांदे आणि शिवणीच्या कडा तपकिरी होत जात. हीच झीज लोकांना इतकी आवडली की जपानमधले काही उत्पादक आज मुद्दाम तसं चामडं बनवून घेतात. नवं जॅकेट पॉलिश पेपरनं घासून ‘जुनं’ करून विकण्याचा जो प्रकार सर्रास चालतो, तो मात्र मला मान्य नाही. त्यात पाण्यापासून वाचवणारा लेप जातो आणि वापरातून येणारा मोकळेपणा काही मिळत नाही.

नुसतं ठेवून दिल्यानं चामड्याचं काय होतं, याचा मोठा पुरावा जॅकेटांकडे नसून जुन्या ग्रंथालयांकडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या चामडी बांधण्यांची लाल भुकटी होऊ लागली. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली आणि तिचा अहवाल १९०१ मध्ये आला. वाचकांचे हात हे काही त्या नासाडीचं मूळ निघालं नाही. गॅसच्या दिव्यांचा धूर, हवेतली आम्लं आणि कमावणीची पद्धत हे खरे दोषी ठरले. विशेष म्हणजे भारतातून जाणारं, सालीनं कमावलेलं मेंढ्या-बकऱ्यांचं चामडं समितीला सगळ्यात लवकर कुजणारं आढळलं. त्या कमावणीत मोठा वाटा दख्खनच्या माळांवर पिवळा फुलणाऱ्या तरवडाचा होता. सुमाक या झुडपाच्या टॅनिननं कमावलेलं चामडं तुलनेनं तग धरून होतं. आजच्या क्रोम-चामड्याला ही लाल भुकटी सहसा होत नाही. त्याला आपल्याकडे वेगळाच शत्रू आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला चामड्यावर वाढता येतं, आणि मुंबई-कोकणात जुलै महिन्यात ती सरासरीनंच ऐंशीच्या पुढे असते. बंद कपाट आणि त्यात प्लॅस्टिकची पिशवी, म्हणजे आतला ओलावा कोंडून ठेवण्याची पक्की सोय. डांबराच्या गोळ्यांचा उपयोग किड्यांवर. बुरशी त्यांना जुमानत नाही. पावसाळा संपताना असं जॅकेट बाहेर काढलं तर पाठीवर पांढरट ठिपके दिसतात, आणि त्यातले काही डाग कायमचे राहतात.

यावर सरळ आक्षेप असा येईल की घाम तर वापरानंच येतो, मग वापर निर्दोष कसा? हा आक्षेप खरा आहे. घामातले क्षार आणि लॅक्टिक आम्ल कमावणीचे बंध हळूहळू सैल करतात, आणि मानेवरचा तेलकटपणा कॉलरचा लेप मऊ करून चिकट बनवतो. पुण्या-मुंबईत जॅकेट घालून दुचाकीवर सिग्नलला उभं राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पण हे नुकसान मानेपाशी आणि मनगटापाशी एकवटलेलं असतं. घरी आल्यावर या दोन जागा ओलसर फडक्यानं पुसल्या आणि जॅकेट रुंद हँगरवर पंख्याखाली टांगलं, की त्यातलं बरंचसं टळतं. हा घाम न पुसताच जॅकेट चार महिने कपाटात गेलं तर मात्र नुकसान वाढत राहतं, म्हणजे इथेही शेवटचा घाव कपाटच घालतं. साबणाचा वापर टाळावा. चामडं मुळात किंचित आम्लधर्मी असतं, आणि अल्कधर्मी साबण त्याची घडी बिघडवतो. आपल्या घरांतल्या दोन सवयीही इथे नडतात. पावसाळ्यानंतर कपड्यांना ऊन दाखवणं चांगलंच, पण कडक उन्हात चामड्याचा रंग उडतो आणि ते ताठरतं. त्याला सावलीतली वाहती हवा पुरते. खोबरेल चोळल्यानं चमक येते खरी, पण लेप असलेल्या चामड्यात ते नीट मुरत नाही. वरच राहून धूळ धरतं, आणि रंग डागाळतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि जिवाचा. दिसायला तसंच असणारं सिंथेटिक जॅकेट चौथाई किमतीत मिळतं आणि त्यासाठी जनावर मरत नाही, मग चामड्याचा आग्रह कशाला? जनावराच्या मुद्द्यावर ज्यांना चामडं नको, त्यांच्याशी वाद घालण्याचं मला कारण दिसत नाही. जाड कापडाचं जॅकेट त्यांना उत्तम. स्वस्ताईचा हिशेब मात्र तपासायला हवा. ही जॅकेटं बहुधा कापडावर पॉलियुरेथेनचा थर देऊन केलेली असतात. स्वस्त प्रकारांत या थराची रासायनिक साखळी हवेतल्या ओलाव्यानंच तुटत जाते. म्हणून न वापरताही काही वर्षांत त्याचे पोपडे निघतात आणि गळ्याशी काळा चुरा लागतो. लोक त्यालाही झीज म्हणतात, पण ते पदार्थाचं विघटन आहे आणि त्यावर दुरुस्ती नाही. चामड्याचा भुगा चिकटवून केलेल्या मालाचीही गत फार वेगळी नाही. धारावीच्या दुकानांत जॅकेट घेताना म्हणूनच न शिवलेली एखादी कड पाहायला मागावी. तिथे तंतू दिसले तर चामडं, विणकाम दिसलं तर लेप दिलेलं कापड.

अस्सल चामड्याचं जॅकेट दुरुस्त होतं, आणि माझ्या म्हणण्याचा मोठा आधार हाच आहे. अस्तर बदलता येतं, चेन बदलता येते, फिक्या कोपरावर पुन्हा रंग चढवता येतो. काम करणारा जाणकार मात्र हवा. चामड्यात सुई एकदा गेली की पडलेलं भोक बुजत नाही. नवी शिवण जुन्याच भोकांतून घालावी लागते, नाहीतर ओळीनं पडलेल्या भोकांवर चामडं फाटतं. अस्तराची शिवण बगलेत उसवली की लगेच घालून घ्यावी, कारण त्यानंतरचा ताण सरळ चामड्याच्या शिवणीवर येतो.

वापराच्या बाजूनं एवढं बोलल्यावर एक अपवाद सांगायलाच हवा. मोटारसायकलवर पडून रस्त्यावर घासत गेलेल्या जॅकेटला हे काहीही लागू होत नाही. तिथे लेपाबरोबर तंतूही कापले गेलेले असतात, आणि शिवणीचे दोरे वरून धड दिसले तरी आतून अर्धे तुटलेले असू शकतात. असं जॅकेट थंडीसाठी घालायला हरकत नाही. गाडीवर बसताना मात्र दुसरं घालावं.