अग्निवीराची पदवी: निम्मे श्रेयांक सैन्यातच

पांढुर्णा-सौंसर भागातली आपली कितीतरी मुले बारावी होताच सैन्यभरतीच्या मागे लागतात. घरच्यांना काळजी एकच, चार वर्षांनी काय? अग्निवीरांपैकी फार तर २५ टक्के पुढे सैन्यात घेतले जातात. बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी येतात. रक्कम बरी आहे, पण आज बँकेतल्या क्लार्कच्या परीक्षेलाही पदवी लागते.

म्हणून जून २०२२ मध्ये जाहीर झालेली इग्नूची तीन वर्षांची पदवी नीट समजून घ्यावी. तिचे निम्मे श्रेयांक सैन्यात मिळालेल्या प्रशिक्षणाचे धरतात. उरलेले निम्मे मात्र इग्नूचे विषय अभ्यासूनच मिळवायचे. नुसत्या नोकरीने पदवी पदरात पडत नाही. पहिले वर्ष पूर्ण केले तर सर्टिफिकेट, दुसरे केले तर डिप्लोमा, तिसरे केले तर पदवी. म्हणजे मध्येच थांबावे लागले तरी केलेला अभ्यास वाया जात नाही.

दहावीवर भरती झालेल्यांनी आधी एनआयओएसमधून बारावी करावी. आणि ही सोय सेवेत असलेल्यांसाठी आहे, तेव्हा मुलगा सुट्टीवर घरी आला की नाव नोंदवले का, हे पहिल्यांदा विचारा.