उसनी अचूकता

एकाच तोफेतून, एकाच कोनात, एकाच बनावटीचे दहा गोळे डागले, तरी ते एका जागी पडत नाहीत. प्रणोदकाचे तापमान, नळीची झीज, वरच्या थरांतला वारा आणि हवेची घनता यांतला किरकोळ फरकही पल्ला वाढेल तसा फुगत जातो. १५५ मिलिमीटरचा साधा गोळा लांबच्या माऱ्यात लक्ष्यापासून शे-दोनशे मीटर सहज भरकटतो. ही उणीव तोफखान्याने नेहमी संख्येने भरून काढली. १९९९ च्या कारगिल युद्धात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली. अरुंद धारेवरच्या बंकरवर मारा करताना थोडा लांब गेलेला गोळा पलीकडच्या दरीत आणि थोडा आखूड पडलेला अलीकडच्या उतारावर वाया जातो. दिशानियंत्रित गोळ्याचा जन्म या अडचणीतून झाला. त्याची अचूकता मात्र बरीचशी उसनी असते, आणि ही उसनवारी किती कमी झाली यावरच या तंत्राची प्रगती जोखली पाहिजे.

गोळ्यात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवणे सोपे नाही. तोफ उडताना या यंत्रणेवर गुरुत्वाकर्षणाच्या पंधरा हजार पटींहून अधिक धक्का बसू शकतो, आणि नळीतल्या पेचांमुळे साधा गोळा सेकंदाला दोनशेहून जास्त गिरक्या घेतो. धक्क्याचे कोडे दुसऱ्या महायुद्धातच सुटले होते. १९४३ च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाने वापरात आणलेल्या रेडिओ फ्यूजमध्ये काचेच्या व्हॉल्व्ह होत्या आणि त्या हा मार सोसत. गिरकीचे कोडे अधिक चिवट होते. इतक्या वेगाने फिरणाऱ्या गोळ्याला ‘वर’ कुठे आणि ‘खाली’ कुठे हेच कळत नाही, मग वळायचे कोणत्या बाजूला? एक्सकॅलिबर या अमेरिकी-स्वीडिश गोळ्यात तळाचा पट्टा गोळ्याभोवती सैल सरकतो, त्यामुळे पेचांची गिरकी गोळ्यात फारशी उतरत नाही. शेपटीचे पंख त्याला स्थिर ठेवतात, नाकाजवळचे छोटे पंख वळवतात. जीपीएस आणि जडत्वमापक यांच्या आधारे तो सुमारे चाळीस किलोमीटरवर दहा मीटरच्या आत, बहुधा त्याहूनही जवळ पडतो. २००७ मध्ये इराकमध्ये तो प्रथम लढाईत वापरला गेला.

पण तो पडतो कुठे, हे दुसराच कोणी ठरवतो. त्याआधीच्या पिढीतले अमेरिकी कॉपरहेड आणि रशियन क्रास्नोपोल लेझरच्या मागे जात. पुढे बसलेल्या निरीक्षकाने शेवटच्या सेकंदांपर्यंत लक्ष्यावर किरण धरून ठेवावा लागे, आणि खाली उतरलेला ढग सगळे बिघडवू शके. जीपीएसने निरीक्षकाची ही सक्ती काढली, पण त्याच्या जागी उपग्रहाचा क्षीण संकेत आला. युक्रेनमध्ये रशियन जॅमिंगने नेमका तोच तोडला. अमेरिकी तज्ज्ञ डॅनिअल पॅट यांनी २०२४ मध्ये अमेरिकी संसदेपुढे दिलेल्या लेखी निवेदनानुसार, सुरुवातीला सत्तर टक्क्यांवर असलेली एक्सकॅलिबरची परिणामकारकता काही आठवड्यांत सहा टक्क्यांवर आली. लक्ष्याचे सहनिर्देशक चुकीचे दिले, तर तो चुकीच्या जागी तितक्याच अचूकपणे पडतो, हेही विसरता येत नाही.

मग साधेच गोळे बरे, असे कोणी म्हणेल. एक्सकॅलिबरची किंमत एक लाख डॉलरच्या घरात, तर साधा गोळा काही हजारांत मिळतो. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. लहान लक्ष्यावर एकेकटा गोळा लागण्याची शक्यता विचलनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. विचलन दोनशे मीटरवरून पन्नासवर आले, तर लागणाऱ्या गोळ्यांची संख्या साधारण सोळापट घटते. प्रत्येक गोळा सुमारे पंचेचाळीस किलोचा असतो, म्हणून वाचलेले ट्रक आणि एकाच जागी कमी वेळ थांबल्याने वाचलेल्या तोफा हिशेबात धराव्याच लागतात. त्यामुळेच साध्या गोळ्याच्या नाकात बसणारा, दिशा दुरुस्त करणारा फ्यूज मला अधिक मोलाचा वाटतो. अमेरिकेच्या अशा फ्यूजची अपेक्षा पन्नास मीटरची आहे, आणि गोळा फारच भरकटल्याचे कळले तर तो स्फोटच होऊ देत नाही. अर्थात, त्याचाही आधार जीपीएसच आहे. दुसऱ्या बाजूने, विस्तृत फळीवर शत्रूला दाबून ठेवायचे असेल तर अचूकता निरुपयोगी असते. तिथे साधा गोळाच हवा, आणि तो भरपूर हवा.

भारताने कारगिलनंतर क्रास्नोपोल आणि पुढे २०१९ मध्ये एक्सकॅलिबर विकत घेतले. आता आयआयटी मद्रास आणि म्युनिशन्स इंडिया १५५ मिलिमीटरचा स्वदेशी स्मार्ट गोळा विकसित करत असून त्यात ‘नाविक’ या भारतीय उपग्रहप्रणालीचा आधार घ्यायचा आहे. म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्यात आहे आणि एटीएजीएस तोफ विकसित करणारी एआरडीई ही संस्थाही पुण्यातच पाषाणला आहे, तेव्हा या प्रश्नाचा संबंध महाराष्ट्राशी थेट येतो. स्वतःचा उपग्रह असणे ही मोठी सोय आहे, पण त्याने सावकार बदलतो, कर्ज फिटत नाही. नाविकचा संकेतही दाबता येतो. म्हणून जॅमिंगला तोंड देणारे अँटेना, संकेत तुटल्यावर मार्ग धरून ठेवणारे जडत्वमापक आणि शेवटच्या टप्प्यात लेझरची जोड यांवर खर्च व्हायला हवा. चाचणीच्या मैदानात गोळा किती मीटरवर पडला हा आकडा नेहमीच छान दिसतो. खरेदी करणाऱ्याने मागायचा आकडा दुसरा आहे: संकेत बंद केल्यावर तो किती मीटरवर पडला?