वीजबिलाचे निदान

रामघाटाच्या पायऱ्यांवर उभे राहून क्षिप्रेचे पाणी ओंजळीत घेताना विजेच्या मीटरची आठवण कुणालाच होणार नाही. तरीही या दोहोंचा संबंध आहे. क्षिप्रेचा प्रवाह आटतो तेव्हा तिला नर्मदेचे पाणी द्यावे लागते. २०१४ साली सुरू झालेल्या नर्मदा-क्षिप्रा जोडयोजनेत हे पाणी पंपांच्या साहाय्याने सुमारे ३५० मीटर उंच चढवून क्षिप्रेच्या उगमाकडे सोडले जाते. एक हजार लिटर पाणी एवढे वर नेण्यास, पंपातील तूट धरली नाही तरी, जवळजवळ एक युनिट वीज लागते. जिथे पर्वस्नानालाही वीज लागते, तिथे घाटालगतच्या गल्ल्यांतील आपल्या घरांची कथा ती काय!

वीज महाग झाली आहे, आणि काटकसर हा आपल्या मराठी घरांचा जुना संस्कार आहे. परंतु वैद्यकीय व्यवसायात असल्यामुळे या काटकसरीचे एक चिंताजनक रूप आम्हांस पाहावयास मिळते. मे महिन्याच्या भर दुपारी घरातील वडीलधारी मंडळी ‘एकट्यासाठी कशाला?’ म्हणून कूलर बंद करतात आणि पंख्याखाली पडून राहतात. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते. त्यात लघवीचे प्रमाण वाढवणारी रक्तदाबाची औषधे चालू असतील तर शरीरातील पाणी लवकर कमी होते. खोलीचे तापमान ४० अंशांच्या वर गेल्यावर नुसता पंखा अंगावर गरम वाराच टाकतो. अशा स्थितीत ताप ४० अंशांवर जाऊन रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. अशी बचत परवडणारी नाही. वीज वाचवायची ती शरीराला कष्टवून नव्हे, तर घराचा दोष दूर करून.

म्हणून औषधापूर्वी निदान करू. आपले शहर सुमारे २३ अंश ११ कला अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या अगदी जवळ वसले आहे. २१ जूनच्या सुमारास जिवाजी वेधशाळेत शंकूची सावली माध्यान्ही जवळजवळ नाहीशी होते, हे आपण जाणतोच. याचा घरगुती अर्थ असा, की उन्हाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेच्या भिंतीवर नव्हे, तर थेट गच्चीवर तळपतो आणि तिसऱ्या प्रहरी पश्चिमेच्या भिंतीवर उतरतो. रोगाचे मूळ या दोन ठिकाणी आहे.

शिंदेशाहीत येथे स्थिरावलेल्या मंडळींच्या जुन्या वाड्यांत जाड भिंती, मधला चौक आणि उंच छत होते. दिवसाची उष्णता आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होई आणि चौकातून ती रात्री बाहेर पडे. त्या जागी आलेल्या सिमेंटच्या पातळ स्लॅबला हे साधत नाही. तो दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो.

पहिला उपचार स्वस्त आहे. उन्हाळ्यापूर्वी गच्चीला पांढऱ्या चुन्याचा हात द्यावा किंवा ऊन परावर्तित करणारा पांढरा रंग लावावा. धुळीने तो मळतो, म्हणून चुना दरवर्षी नव्याने लावणे इष्ट. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चीक किंवा वाळ्याची ताटी बांधावी, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्याला पुन्हा बाहेर घालवता येत नाही. आणि वृद्धांचा पलंग उन्हाळ्यापुरता तळमजल्यावर आणावा. यास तर एक पैसाही लागत नाही.

दुसरा उपचार कूलरचा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिटाइतकी उष्णता शोषली जाते. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात म्हणूनच दीडशे-दोनशे वॅटचा कूलर जे काम करतो, त्यासाठी दीड टनी वातानुकूलन यंत्राला त्याच्या कित्येक पट वीज लागते. मात्र कूलरसमोरची एखादी खिडकी उघडी हवी, नाहीतर ओल कोंडते. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने त्याचा उपयोग राहत नाही. टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून ती घासून कोरडी करावी, अन्यथा विजेची बचत डेंग्यूच्या उपचारात खर्ची पडेल. वातानुकूलन यंत्र असेल तर ते २४ ते २६ अंशांवर ठेवून जोडीला पंखा लावावा. एकेका अंशाने सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो.

तिसरा उपचार नित्य चालणाऱ्या साधनांचा. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, तर नव्या बीएलडीसी मोटरचा सुमारे ३०. रोज १५ तास आणि वर्षाचे आठ महिने तो फिरला, तर एका पंख्यामागे दीडशेहून अधिक युनिटे वाचतात. हिवाळ्यात वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवण्यास जवळजवळ ०.६ युनिट लागते. गीझर तासन्‌तास चालू ठेवण्यापेक्षा घरातील सर्वांनी पाठोपाठ स्नान उरकलेले बरे.

सौर विद्युत पट्टिकांचा विचार या सर्वांनंतर करावा. २०२४ साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवलेले आहे. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि दिवसाला सुमारे चार युनिटे मिळतात. घाटालगतच्या दाट वस्तीत शेजारच्या मजल्याची सावली आणि जुन्या छताची ताकद आधी तपासून घ्यावी. घराची गरज अगोदर कमी केली असेल, तर पट्टिकाही कमी पुरतात.

आपल्या मंडळातील डॉक्टर बंधू-भगिनींना एक विनंती आहे. उन्हाळ्यात वयोवृद्ध रुग्णाची औषधे लिहून देताना ‘झोपता कोणत्या मजल्यावर? दुपारी कूलर लावता का?’ हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. आणि घरोघरच्या मुलांनी व सुनांनी आई-वडिलांना निक्षून सांगावे, की बचत गच्चीवर आणि पंख्यात झाली आहे, आता कूलर बंद करू नका.