दूरदर्शक-बैठक, रायफलीची

रायफलीच्या यंत्रपेटीवर (काडतूस भरण्याची व उडविण्याची यंत्रणा ज्यात असते त्या भागावर) नेम धरण्याचा दूरदर्शक पक्का बसविण्याचे साधन. जी बैठक हत्याराशिवाय, केवळ तरफ फिरवून काढता येते व पुन्हा पूर्वीच्याच जागी बसविता येते, तिला शीघ्रमोच्य बैठक म्हणतात. काढता येणे हा या बैठकीचा सोपा गुण होय. पुन्हा त्याच जागी बसणे हा अवघड गुण असून स्पर्धेच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरतो. [⟶ नेमबाजी, रायफल].

दूरदर्शकाची अक्षरेषा व नळीची अक्षरेषा यांच्यातील कोन एकदा ठरविला की, गोळ्या ठराविक अंतरावर नेमाच्या बिंदूवर लागतात. या स्थितीला नेमबाजांच्या बोलीत ‘झिरो’ म्हणतात. बैठकीच्या दोन पकडींमधील अंतर १०० मिमी. असेल आणि पुन्हा बसविताना एका पकडीखाली ०.०१ मिमी. जाडीचा कचरा राहिला, तर हा कोन एक दशसहस्रांश रेडियनने बदलतो. हा फरक ५० मी. वर ५ मिमी., तर ३०० मी. वर ३० मिमी. भरतो. ५० मी. रायफल-लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी. असतो. म्हणजे जी गोळी मधोमध लागून १०.९ गुण देणार ती त्या कणामुळे सुमारे १०.३ गुणांवर येते. अंतिम फेरीतील स्थाने दशांश गुणांवर ठरत असल्याने हा तोटा लहान नाही. माणसाच्या केसाची जाडीही या कणाच्या कित्येक पट असते, हे लक्षात घेतले म्हणजे बैठकीच्या कामातील काटेकोरपणाची कल्पना येते.

बैठक निवडण्यापूर्वी आपल्या स्पर्धाप्रकारात दूरदर्शकाला परवानगी आहे की नाही, हे पाहावे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या १० मी., ५० मी. व ३०० मी. या रायफल प्रकारांत दूरदर्शक निषिद्ध असून पुढे माशी व मागे छिद्रदर्शक यांवरच नेम धरावा लागतो. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. पडून नेमबाजीत (प्रोन) मिळविलेले जागतिक विजेतेपद आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. तीन स्थिती प्रकारात ४५१.४ गुणांसह मिळविलेले कांस्यपदक, ही दोन्ही यशे छिद्रदर्शकाचीच आहेत. दूरदर्शक चालतो तो धावत्या लक्ष्याच्या प्रकारात, टेकूवरून होणाऱ्या बेंचरेस्ट स्पर्धांत, अचूक रायफलीच्या मैदानी स्पर्धांत आणि ‘एफ-क्लास’ या दीर्घ पल्ल्याच्या स्पर्धेत. कॅनडाचे जॉर्ज फारक्वारसन यांच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून हे शेवटचे नाव पडले असून या स्पर्धेत १,००० यार्डांपर्यंत नेम धरला जातो. ज्यांच्या प्रकारात दूरदर्शक निषिद्ध आहे, असेही काही नेमबाज सरावात काडतुसांच्या निरनिराळ्या खेपा पारखण्यासाठी त्याच रायफलीवर तात्पुरता दूरदर्शक चढवितात. शीघ्रमोच्य बैठकीची खरी गरज अशांनाच अधिक असते.

काढता-घालता येणाऱ्या बैठकीची कल्पना जुनी आहे. जर्मन व ऑस्ट्रियन शिकारी बंदुकांवर विसाव्या शतकाच्या आरंभी आकड्यांची बैठक रूढ होती. तिचे आकडे हाताने कानशीने घासून एकाच बंदुकीच्या खाचांशी जुळविलेले असत. दुसऱ्या महायुद्धातील ली-एन्फील्ड क्रमांक ४ (टी) या रायफलीचा ‘क्रमांक ३२’ दूरदर्शक दोन मोठ्या अंगठा-पेचांनी बाजूला बसे व प्रवासात वेगळ्या पेटीत राही. बैठकीच्या कंसावर त्या रायफलीचाच अनुक्रमांक ठोकलेला असे. ही साधी खबरदारी आजही अनुकरणीय आहे. १९६३ मध्ये स्वीकृत झालेल्या व भारतीय सेनेनेही वापरलेल्या सोव्हिएट द्रागुनोव्ह रायफलीत यंत्रपेटीच्या डाव्या बाजूस पट्टी असून तिच्यावर तरफेची पकड बसते.

पट्टीचे मानकीकरण झाले तेव्हा बैठक रायफलीगणिक घासून जुळविण्याची गरज संपली. अमेरिकेतील पिकाटिनी शस्त्रागाराच्या नावाने ओळखली जाणारी पट्टी १९९५ मध्ये सैनिकी मानक ठरली. तिच्यातील आडव्या खाचा ५.२३ मिमी. रुंद असून दोन खाचांच्या मध्यांतील अंतर १०.०१ मिमी. असते. तिच्यापूर्वीच्या वीव्हर पट्टीच्या खाचा ४.५७ मिमी. रुंद असल्याने पिकाटिनीची बैठक वीव्हर पट्टीवर सहसा बसत नाही. उलट मात्र बहुधा बसते, पण ढिली. उत्तर अटलांटिक करार संघटनेने २००९ मध्ये याच पट्टीचे सुधारित मानक काढले. त्यात बाजूच्या तिरक्या कडांऐवजी वरचा सपाट पृष्ठभाग संदर्भ मानला आहे. हा बदल वरवर किरकोळ वाटला, तरी पुनर्स्थापनेच्या दृष्टीने मूलगामी आहे. तिरक्या कडांवर पाचर बसावी तशी बसणारी बैठक दाब बदलला की उंची बदलते. सपाट पृष्ठावर खाली ओढून घेतलेली बैठक बदलत नाही. पॉइंट बावीस व हवाई रायफलींवरील ११ मिमी. डव्हटेल खोबणीत पुष्कळदा आडव्या खाचाच नसतात. तेथे बैठक धक्क्याने सरकू नये म्हणून वेगळा अडथळा-खुंटा लावावा लागतो.

रायफल उडते तेव्हा ती मागे येते आणि दूरदर्शक जडत्वामुळे जागीच राहू पाहतो, म्हणजे पट्टीवर पुढे सरकू पाहतो. ६ किग्रॅ. वजनाच्या .३०८ रायफलीत गोळी नळीबाहेर पडेपर्यंतच्या सु. १.२ मिलिसेकंदांत रायफल सेकंदाला दीड मीटरहून थोडा अधिक वेग घेते. त्यावरून १ किग्रॅ. दूरदर्शकावरील सरासरी बल सु. १४० किग्रॅ. भाराइतके निघते. हे केवळ घर्षणाने पेलायचे, तर घर्षणांक ०.१५ धरून ढोबळमानाने सु. ९०० किग्रॅ. भाराइतका दाब लागेल; बोटाने फिरविलेली तरफ तो देत नाही. म्हणून भार आडव्या दांड्याने खाचेच्या पुढील भिंतीवर घ्यावा लागतो. बैठक चढविताना ती हाताने पुढे ढकलून, दांडा त्या भिंतीला टेकवून मगच तरफ मिटावी. ही सवय नसेल, तर महागडी बैठकही पहिल्या दोन-तीन गोळ्यांत जागा बदलते आणि दोष दूरदर्शकाला दिला जातो.

पकडींचे दोन मुख्य प्रकार आहेत. कॅमच्या तरफेची पकड झटपट मिटते, पण पट्टीच्या रुंदीत थोडा फरक असला तरी तिचा दाब बदलतो. म्हणून ताण बदलण्याचा पेच व चुकून उघडू नये म्हणून कुलूपखिटी असलेली तरफच घ्यावी. नटाने आवळण्याची पकड मंद, परंतु परिबलमापी पान्याने प्रत्येक वेळी सारखीच (सु. ७ न्यूटन-मीटर) आवळता येते. काटेकोर अर्थाने ती शीघ्रमोच्य नव्हे. तरी स्पर्धकाला अर्धे मिनिट वाचविण्यापेक्षा दाबाची एकरूपता मोलाची असल्याने प्रस्तुत लेखकाचा कल तिच्याकडे आहे. दोन सुट्या कड्यांपेक्षा एकसंध बैठक बरी, कारण कड्यांमधील अंतर व त्यांची समाक्षता कारखान्यातच कायम झालेली असते. तरफा डाव्या बाजूस असाव्यात, नाहीतर बोल्टचा दांडा व उडणारी रिकामी काडतुसे त्यांना अडतात. दीर्घ पल्ल्यासाठी २० मिनिटे (कोनीय) पुढे उतरती बैठक घेतल्यास दूरदर्शकातील उंचीची तजवीज पुरते. नळीचा व्यास २५.४, ३० की ३४ मिमी. हे मोजूनच कडी मागवावी.

पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. भंडारा शहरासमोर वैनगंगेपलीकडे असलेल्या कारधा गावी डिसेंबरच्या पहाटे व मे महिन्याच्या दुपारी तापमानात ३० अंश सेल्सिअसपर्यंत फरक सहज पडतो. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे १०० मिमी. अंतरात ॲल्युमिनियमची बैठक व पोलादी यंत्रपेटी यांच्यात सु. ०.०३ मिमी. तफावत निर्माण होते. दोन्ही पकडींचे दांडे खाचांत गच्च बसले असतील, तर ही तफावत बैठकीला बाक देते. तेव्हा एकच दांडा भार घेणारा व दुसरा किंचित मोकळा असावा, अथवा सारेच पोलादी घेऊन वजन सोसावे. कारध्याच्या नेमबाजाला पुण्याच्या बालेवाडी संकुलातील मैदान गाठण्यासाठी साडेसातशे किमी. हून अधिक प्रवास करावा लागतो. तेथे चाचणी-गोळ्यांचा वेळ मोजका असतो. प्रवासात दूरदर्शक वेगळा ठेवायचा, तर बैठकीवरचा विश्वास घरीच मिळवावा लागतो.

त्यासाठी काडतुसे फार लागत नाहीत. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट काढून ती जड शिकंजात धरावी. नळीतून व दूरदर्शकातून एकाच वेळी दिसेल असा चौकटींचा कागद बंद आवारातील भिंतीवर ५० मी. वर लावावा आणि पराशय नाहीसा होईल असे केंद्रण करावे. मग बैठक वीस वेळा काढून-घालून फुलीच्या तारा कोठे येतात ते टिपावे. डोळा दर वेळी दूरदर्शकाच्या मध्यावर असावा आणि नळीचा मध्य हलला नाही याची प्रत्येक वेळी खात्री करावी. त्यानंतर मैदानावर बैठक न काढता दहा गोळ्यांचा एक गट व प्रत्येक गोळीपूर्वी ती काढून-घालून दहा गोळ्यांचा दुसरा गट मारावा. येथे एक फसगत संभवते. रायफलीचे स्वतःचे विखुरणे ४ मिमी. व बैठकीचे ३ मिमी. असेल, तर एकत्रित विखुरणे वर्गांच्या बेरजेच्या वर्गमूळाइतके, म्हणजे ७ नव्हे तर ५ मिमी. होते. म्हणून दोन-चार गोळ्यांत बैठकीचा दोष झाकला जातो आणि तो नेमका स्पर्धेच्या दिवशी उघड होतो. दुसरा गट पहिल्यापेक्षा ठळकपणे मोठा आला, तर आधी पट्टी व पकडीच्या कडा कोरड्या फडक्याने पुसून चाचणी पुन्हा करावी. तरीही फरक राहिला, तर बैठक बदलावी. ताण वाढवून पाहू नये, कारण त्याने पट्टीच्या कडा चेपतात व नवी बैठकही मग नीट बसत नाही. ज्या खाचेत बैठक जुळली ती पट्टीवर रंगाच्या बारीक ठिपक्याने खुणावून ठेवावी.