उन्हात उठणारे चट्टे आणि नात्यातला रिश्ता

आमच्या चुडाव्याकडे, पूर्णा-नांदेडच्या या पट्ट्यात, जुन्या पिढीचं पोट ज्वारीच्या भाकरीवर चालायचं. नुसती ज्वारी खाऊन राहणाऱ्या दख्खनच्या गरीब मजुरांना पेलाग्रा व्हायचा. ऊन लागणाऱ्या अंगावर काळपट, खरखरीत चट्टे, जुलाब आणि भ्रमिष्टपणा. १९६० साली हैदराबादच्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी ज्वारीतल्या ल्यूसीन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. त्यावर पुढे वाद झाले. पण नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, कमी पडल्याने पेलाग्रा होतो यात शंका नाही.

मात्र घरात डाळ, अंडी, गोश्त सगळं असूनही एखाद्या लेकराला असेच चट्टे आले तर?

१९५६ साली लंडनच्या डॉक्टरांनी हार्टनप नावाच्या कुटुंबाची हकीकत छापली. मुलांना उन्हात चट्टे उठत, मधूनच चालताना तोल जाई. आई-वडील एकमेकांची सख्खी चुलत-मामे नात्यातली. या आजाराला त्याच घराचं नाव पडलं.

आपण खातो ते प्रोटीन पोटात फुटून त्याची अमिनो आम्लं होतात. ती रक्तात ओढून घेणारे वाहक आतड्यात असतात, मूत्रपिंडातही असतात. हार्टनपमध्ये यातला एक वाहक जन्मापासून नीट काम करत नाही. मग ट्रिप्टोफॅन हे आम्ल वाया जातं, आणि शरीर नायसिन बनवतं ते त्याच्यापासूनच. म्हणजे ताटात कमी नसतं. अशा वेळी सासरची माणसं आईला दोष देतात किंवा साया झाला म्हणून धागे बांधतात, ते साफ चूक आहे. ताप, उपासमार, कडक ऊन यांनी त्रास उसळतो. चिडचिड, रडू येणं हेही होतं. लघवीतली अमिनो आम्लं तपासली की निदान होतं. डॉक्टर नायसिनच्या जातीची साधी गोळी देतात, प्रोटीन वाढवायला आणि अंग झाकायला सांगतात. (शाळेत मुलांच्या गालावर दिसणारे फिकट डाग बहुतेक वेळा वेगळे असतात, घाबरू नये.)

आई-वडील दोघंही ठणठणीत, पण दोघांकडे तोच सदोष गुण असेल तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के असते. एकाच दादा-दादीच्या नातवंडांत असा जोड जमणं सोपं. मामाची मुलगी करण्याची रीत मराठवाड्यात हिंदू घरांतही आहे. असा रिश्ता मोडा असं आम्ही म्हणत नाही. पण डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता नातं सांगावं. लाजून लपवलं तर निदानाला वर्षं लागतात.

याच जातीचा दुसरा आजार सिस्टिन्युरिया. यात सिस्टीन हे आम्ल लघवीत उतरतं, विरघळत नाही आणि त्याची पथरी होते. इकडे पथरी घरोघरी, म्हणून कुणी खोलात जात नाही. पण लहान वयात झाली, पुन्हा पुन्हा झाली, भावंडांनाही असली, तर काढलेला खडा फेकू नका, तपासायला द्या. अशा रुग्णाला दिवसाच नव्हे, रात्री उठूनही भरपूर पाणी प्यावं लागतं, मीठ कमी करावं लागतं. रमजान लागण्याआधी त्याने डॉक्टरांना जरूर विचारावं. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहेच.